प्रेस्पा ते ओहरिड : डोंगराच्या पोटातून जाणारं पाणी, तळाशी फुटणारे झरे आणि फक्त तिथेच जगणारे जीव

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, बाल्कन प्रदेशात, एका डोंगराच्या दोन अंगांना दोन मोठे तलाव आहेत. वरचा प्रेस्पा, खालचा ओहरिड. वरच्या तलावातून एकही नदी किंवा ओढा बाहेर पडत नाही. तरी त्याचं पाणी डोंगराच्या पोटातून जातं आणि खालच्या तलावाच्या काठावर झऱ्यांच्या रूपाने फुटतं. या झऱ्यांवर पोसलेल्या ओहरिड तलावात 200 पेक्षा जास्त जातींचे जीव असे आहेत, जे जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही पाण्यात सापडत नाहीत. आता वरचा तलाव आटत चालला आहे आणि त्यात शेतीचं खत आणि गावांचं सांडपाणी उतरतंय. डोंगराच्या एका बाजूला जे घडतं त्याचा भार दुसऱ्या बाजूला कसा पडतो, हे समजून घेण्यासाठी जगभरचे भूजल अभ्यासक या दोन तलावांकडे पाहतात.

तलाव आहेत तरी कुठे?

ओहरिड तलाव उत्तर मॅसेडोनिया आणि अल्बानिया या दोन देशांत वाटला गेला आहे. मोठा हिस्सा मॅसेडोनियाकडे. समुद्रसपाटीपासून उंची 693 मीटर, क्षेत्रफळ सुमारे 358 चौरस किलोमीटर आणि सर्वांत खोल जागा 288 मीटर. पाण्याचा साठा 55 अब्ज घनमीटरच्या घरात जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर 1,900 टीएमसीहून जास्त, म्हणजे जायकवाडीसारखी अठरा-एकोणीस धरणं काठोकाठ भरतील इतकं पाणी.

त्याच्या पूर्वेला गालिचिका नावाचा डोंगर आहे. अल्बानियाच्या हद्दीत याच रांगेला ‘कोरडा डोंगर’ अशा अर्थाचं नाव आहे. नाव अगदी बरोबर पडलंय. या डोंगरावर पाऊस पडतो, हिवाळ्यात बर्फ साचतं, पण वर ओढे-नाले जवळजवळ दिसत नाहीत. सगळं पाणी जमिनीत गडप होतं.

डोंगराच्या पलीकडे प्रेस्पा. तिथे खरं तर दोन तलाव आहेत, मोठा प्रेस्पा आणि छोटा प्रेस्पा. मोठा प्रेस्पा उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया आणि ग्रीस अशा तीन देशांत आहे, छोटा मुख्यतः ग्रीसमध्ये आणि थोडा अल्बानियात. मोठ्या प्रेस्पाची उंची साधारण 850 मीटर. म्हणजे ओहरिडपेक्षा तो सुमारे 150 मीटर उंचावर आहे, आणि मध्ये आहे तो फक्त हा पोकळ डोंगर.

डोंगर पोकळ कसा झाला?

गालिचिका चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी चुनखडीच्या बारीक भेगेत शिरलं की दगड थोडा थोडा विरघळवतं. हजारो-लाखो वर्षांत केसाएवढ्या भेगेची फट होते, फटीचा बोगदा होतो, बोगद्याची गुहा होते. चुन्याचं पाणी म्हणजे काय हे बोअरचं पाणी तापवणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो अशाच विरघळलेल्या चुन्याचा असतो.

अशा झिजलेल्या, पोकळ चुनखडीच्या मुलखाला शास्त्रात ‘कार्स्ट’ म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरच्या एका पठाराच्या नावावरून हा शब्द आला. कार्स्टमधलं भूजल आपल्याकडच्या भूजलापेक्षा फार वेगळं वागतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. आपल्याकडे पाणी मुरमातून आणि खडकाच्या सांध्यातून झिरपतं, हळू चालतं आणि बऱ्याचदा आपल्या शिवारापुरतंच राहतं. लोणार सरोवराच्या काठावरची धार असो की सीतान्हाणी, हे झरे बेसाल्टमधल्या अशाच भेगांतून येतात. चुनखडीत मात्र पाणी नळातून धावावं तसं धावू शकतं. पावसाने भरलं की जोरात येतं, आणि वाटेत माती-वाळूची गाळणी कमी असल्याने जे काही वरून पडलं ते फारसं न गाळता पुढे जातं.

म्हणूनच कार्स्टच्या मुलखात ‘माझ्या विहिरीचं पाणी माझ्याच रानातलं’ असं कुणालाच ठामपणे म्हणता येत नाही. ते दहा कोसांवरच्या, डोंगराच्या दुसऱ्या उतारावरच्या पावसाचंही असू शकतं.

आधी अंदाज, शंभर वर्षांनी पुरावा

प्रेस्पाला बाहेर जायला वाट नाही, तरी त्याचं पाणी खारट झालं नाही. ज्या तलावातून पाणी फक्त वाफ होऊन जातं, त्यात क्षार साचत जातात. लोणार त्याचंच उदाहरण. प्रेस्पा गोडा राहिला, याचा अर्थ पाणी कुठून तरी निसटतंय. सर्बियाचे भूगोलतज्ज्ञ योव्हान त्स्वियिच यांनी 1906 च्या सुमारास मांडलं की प्रेस्पाचं पाणी डोंगराखालून ओहरिडला जातं. प्रेस्पाच्या अल्बानियाकडच्या काठावर झाव्हेर नावाची जागा आहे. तिथे तलावाचं पाणी खडकातल्या भोकांत शिरताना डोळ्यांना दिसतं. पण शिरलेलं पाणी नेमकं कुठे निघतं, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

त्याचा छडा दोन प्रकारे लागला. पहिली पद्धत पाण्याच्या वजनाची. पाण्याचे काही कण किंचित जड असतात, काही हलके. तलावावर ऊन पडून वाफ होते तेव्हा हलके कण आधी उडतात आणि मागे राहिलेल्या पाण्यात जड कणांचं प्रमाण वाढतं. डोंगरावर नुकत्याच पडलेल्या पावसाच्या किंवा बर्फाच्या पाण्यात तसं होत नाही. त्यामुळे झऱ्याचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं की त्यात तलावाचा वाटा किती आणि डोंगरावरच्या पावसाचा किती, हे काढता येतं. दुधात पाणी किती मिसळलंय हे तपासावं, तसाच हा प्रकार. ओहरिडच्या काठावरच्या मोठ्या झऱ्यांत साधारण निम्म्याच्या आसपास पाणी प्रेस्पाचं आहे, असं या तपासण्यांतून निघालं. बाकीचं डोंगरावरच्या पाऊस-बर्फाचं.

दुसरी पद्धत सरळसोट. झाव्हेरच्या भोकात रंग सोडायचा आणि पलीकडच्या झऱ्यांवर नमुने घेत बसायचं. रंग पलीकडे निघाला. या प्रयोगांचा अहवाल 2007 साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आला आणि त्स्वियिच यांचा शतकापूर्वीचा अंदाज पक्का झाला.

सेकंदाला एक टँकर

हे झरे दिसतात कसे? ओहरिडच्या दक्षिण टोकाला, मॅसेडोनियाच्या हद्दीत, संत नाउम यांचा मठ आहे. तो दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो. मठाच्या शेजारी झाडांनी वेढलेलं एक छोटं तळं आहे आणि त्याच्या तळातून ठिकठिकाणी पाणी उसळत असतं. वाळू नाचताना वरून दिसते, पाणी इतकं स्वच्छ. पर्यटक होडीत बसून हे झरे बघतात. सीमा ओलांडली की अल्बानियात तुशेमिश्त गावाजवळ दुसरा झऱ्यांचा समूह आहे. दोन्ही मिळून सेकंदाला सुमारे 10 घनमीटर पाणी देतात. 10 घनमीटर म्हणजे 10 हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या गावात येतो तसा एक टँकर. दर सेकंदाला एक, दिवसाला 86,400. आणि ते बारा महिने, जवळजवळ सारख्याच थंडाव्याने.

हे झाले डोळ्यांना दिसणारे झरे. जवळजवळ तेवढंच पाणी तलावाच्या आत, पाण्याखाली फुटणाऱ्या झऱ्यांतून येतं. पूर्व किनाऱ्यालगत असे अनेक झरे आहेत, वरून त्यांचा पत्ताही लागत नाही. ओहरिडला मिळणाऱ्या एकूण पाण्यात दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या झऱ्यांचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त आहे. उरलेलं पाणी पाऊस आणि नद्या-ओढ्यांचं. जाताना साधारण एक तृतीयांश वाफ होऊन जातं, दोन तृतीयांश स्त्रुगा शहराजवळून काळा ड्रिन नदीत निघून जातं.

साठा प्रचंड आणि आवक-जावक त्या मानाने थोडी. त्यामुळे तलावातलं पाणी पूर्ण बदलायला साधारण 70 वर्षं लागतात. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

तेरा लाख वर्षं जुना तलाव

बहुतेक तलाव काही हजार वर्षांतच गाळाने भरतात आणि संपतात. ओहरिड भूकंपप्रवण खोलगट भागात आहे, तळ खचत राहतो, त्यामुळे गाळ भरूनही तो टिकून राहिला. 2013 साली आंतरराष्ट्रीय पथकाने तलावाच्या तळाला बोअर घेतलं आणि 500 मीटरपेक्षा जास्त खोलीपर्यंतचा गाळ बाहेर काढला. बोअर म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं, इथे पाण्याखालच्या गाळाची वही वाचायची होती. थरांवर थर, जुन्या ज्वालामुखींची राख, परागकण, सूक्ष्म शेवाळाची कवचं. त्यावरून कळलं की हा तलाव सुमारे 13 लाख 60 हजार वर्षांपासून सलग पाण्याने भरलेला आहे. युरोपातला तो सर्वांत जुन्या तलावांपैकी एक ठरला.

या काळात अनेक हिमयुगं आली आणि गेली. आजूबाजूची तळी गोठली, आटली, त्यांतले जीव मेले. ओहरिड खोल होता आणि झऱ्यांचं पाणी त्याला येत राहिलं. आत अडकलेले जीव जगले, आणि बाहेरच्यांशी संबंध तुटल्याने हळूहळू वेगळे होत गेले.

इथेच आणि फक्त इथेच

अशा जिवांना शास्त्रात प्रदेशनिष्ठ म्हणतात. ओहरिडमध्ये मोजलेल्या प्रदेशनिष्ठ जाती 200 च्या वर आहेत. क्षेत्रफळाच्या हिशेबाने बघितलं तर जगातल्या तलावांत ओहरिडचा नंबर अगदी वर लागतो. रशियातला बैकल त्याच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध आणि कितीतरी मोठा, पण चौरस किलोमीटरमागे जाती मोजल्या तर ओहरिड पुढे जातो.

यात मासे थोडेच. ओहरिड ट्राउट, ज्याला अल्बानियात कोरान म्हणतात, आणि बेल्विका नावाचा त्याचा लहान भाऊबंद हे दोन नावाजलेले. ओहरिड ट्राउट इतका चवदार की मासेमारीने त्याचा पार फडशा पडायची वेळ आली, आणि 2004 साली मॅसेडोनियाच्या बाजूला त्याच्या मासेमारीवर काही वर्षांसाठी बंदी घालावी लागली. प्लाशिका नावाच्या एका छोट्या चंदेरी माशाच्या खवल्यांपासून लुकण काढून ओहरिडचे कारागीर ‘मोती’ करतात. कृती घराबाहेर जाऊ देत नाहीत. शिंपल्यातल्या मोत्यांशी त्याचा संबंध नाही, पण बाजारात त्याला मोठी मागणी आहे.

खरी श्रीमंती मात्र चटकन नजरेत न येणाऱ्या जिवांची आहे. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंच्या सुमारे 70 जाती इथे आहेत, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश फक्त इथल्या. चेंडूसारखा गोल स्पंज आहे. चपटे कृमी, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, सगळ्यांत इथले म्हणून वेगळे प्रकार आहेत. या शेवाळांची कवचं गाळात टिकतात, त्यामुळे कुठली जात कधी आली आणि कधी संपली याची तेरा लाख वर्षांची नोंद मिळाली. तलाव उथळ आणि तरुण होता तेव्हा जाती झपाट्याने तयार होत आणि तितक्याच झपाट्याने संपत. तलाव खोल आणि स्थिर झाला तसं हे चक्र मंदावलं. आज जे जीव आहेत ते या स्थिरपणाला सरावलेले आहेत.

काही जाती तर पूर्ण तलावातही नाहीत, एखाद्या झऱ्यापुरत्याच आहेत. संत नाउमच्या झऱ्यांत सापडलेल्या एका बारीक गोगलगाईला शास्त्रज्ञांनी त्या संतांचंच नाव दिलं आहे. अशी गोगलगाय काही मिलिमीटरची असते. ती पोहत नाही, दगडाला चिकटून सरकत राहते. तिला थंड, स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं, जे झऱ्याच्या तोंडाशी असतं. शंभर पावलांवर गाळ असला तर ती तो ओलांडून पलीकडच्या झऱ्यावर जाऊ शकत नाही. तिचं अख्खं जग म्हणजे ते डबकं. झरा बंद पडला किंवा पाणी बिघडलं तर ही जात दुसरीकडे कुठे उरलीय का, हे शोधायला जायचीही गरज नाही.

चुनखडीच्या पाण्यात असं वेगळं पडणं भारतातही घडलेलं आहे. छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कांगेर खोऱ्यात कोटमसरची गुहा आहे, चुनखडीचीच. तिच्यातल्या अंधाऱ्या डबक्यांत एक बोटाएवढा मासा राहतो. त्याचा रंग उडालेला आणि डोळे बारीक झालेले. याच माशाचे उजेडातले भाऊबंद आपल्या पुण्याकडच्या ओढ्यांत आहेत. या जातीची पहिली शास्त्रीय नोंद फ्रान्सिस डे यांनी 1872 साली पुण्याच्या माशांवरूनच केली होती. मेघालयात तर गुहेत राहणारा, आंधळा आणि आकाराने चांगलाच मोठा मासा 2019 साली शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. अंधार आणि अलगपणा जुन्या जातीतून काय घडवतो, ते बस्तरला दिसतं. ओहरिडमध्ये तेच उजेडात, पण कितीतरी जास्त काळ चाललेलं आहे.

वरच्या तलावाचं काय बिघडलं?

आता डोंगराच्या पलीकडे. प्रेस्पाची पातळी 1950 च्या दशकापासून 8 मीटरपेक्षा जास्त खाली गेली आहे. जिथे कधी होड्या लागायच्या तिथे आज गवत आणि बोरू आहेत, पाणी कितीतरी पुढे सरकलंय. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या उपग्रह नोंदींनुसार 1984 ते 2020 या काळात प्रेस्पाचं क्षेत्रफळ सुमारे 7 टक्के घटलं आणि पाण्याचा साठा निम्म्यावर आला.

कारणं एक नाहीत. बर्फ आणि पाऊस कमी झाले, उन्हाळे तापले, वाफ वाढली. चुनखडीतून जाणारं पाणी तर पूर्वीपासून जातच होतं. त्यात माणसाने उपसा वाढवला. मॅसेडोनियाच्या बाजूला रेसेनचा परिसर सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे. घरटी बाग, आणि बागेला पाणी हवं. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं व्हावं इतकं हे सोपं नाही. त्या भागात सफरचंद हेच नगदी पीक आहे आणि आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबवाल्याला जो हिशेब लागतो तोच त्यांनाही लागतो.

छोट्या प्रेस्पाच्या बाबतीत सरकारी योजनेनेच घोळ घातला. 1970 च्या दशकात अल्बानियाने देवोल नदी वळवून हिवाळ्याचं पाणी छोट्या प्रेस्पात सोडलं. उन्हाळ्यात ते पुन्हा काढून कोर्चाच्या मैदानातल्या शेतीला द्यायचं, अशी कल्पना होती. तलावाचा साठवण टाकीसारखा वापर, कागदावर छान दिसतो. नदीने पाण्याबरोबर गाळही आणला. अल्बानियाच्या वाट्याचा तलाव गाळाने भरला आणि तिथे बोरूचं दलदलीचं रान झालं. गाळ आणणं सोपं असतं, काढणं कुणाच्याच ऐपतीत नसतं.

कमी झालेलं पाणी हा अर्धा प्रश्न. उरलेलं पाणी गढूळ होणं हा दुसरा अर्धा. बागांचं खत, गावांचं सांडपाणी, आणि काही वर्षं तर विकली न गेलेली, टाकाऊ सफरचंदंही ओढ्याकाठी टाकली जात. या सगळ्यातून पाण्यात फॉस्फरस वाढतो. फॉस्फरस वाढला की शेवाळ माजतं, शेवाळ मेलं की तळाशी कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. खताचं पाणी उतरलेल्या पाझर तलावाला उन्हाळ्यात जो हिरवा रंग आणि वास येतो, तीच ही गोष्ट. प्रेस्पा उथळ आहे, त्यामुळे त्याच्या तळाशी उन्हाळ्यात प्राणवायू संपण्याची वेळ येते. पाणी कमी झालं की तेवढंच खत कमी पाण्यात मिसळतं, म्हणजे तीव्रता आणखी वाढते.

मग ओहरिडला काय धोका?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी 2006 सालच्या एका अभ्यासात थेट विचारला. उत्तर थोडं दिलासा देणारं आणि बरंचसं काळजीत टाकणारं निघालं.

दिलासा असा की डोंगर काही प्रमाणात गाळणीचं काम करतो. प्रेस्पातून डोंगरात शिरलेल्या फॉस्फरसचा बराच भाग, साधारण दोन तृतीयांशच्या आसपास, वाटेतच खडकात अडकतो. म्हणून संत नाउमचं पाणी अजूनही काचेसारखं दिसतं. काळजी अशी की ही गाळणी किती दिवस चालेल यावर कुणी हमी देत नाही. प्रेस्पाची पातळी आणखी बरीच खाली गेली आणि खताचा भार तसाच राहिला तर ओहरिडला पोचणारं पाणी कमी आणि जास्त खतावलेलं होईल, असा त्या अभ्यासाचा इशारा होता.

ओहरिडच्या स्वतःच्या काठावरही चुका झाल्याच. सातेस्का नावाची नदी पूर्वी ओहरिडमध्ये येत नव्हती. 1962 साली शेतजमीन मोकळी करण्यासाठी तिला वळवून तलावात सोडलं गेलं. तेव्हापासून तिचा गाळ आणि तिच्या खोऱ्यातलं खत थेट ओहरिडला मिळतंय. 1960 च्या दशकात काळ्या ड्रिन नदीवर वीजनिर्मितीची धरणं झाली आणि समुद्रातून हजारो किलोमीटर चढून येणाऱ्या ईल माशांची वाट बंद झाली. आता ईलची पिल्लं बाहेरून आणून सोडावी लागतात.

गाळाच्या थरांवरून दिसतं की गेल्या शतकात ओहरिडच्या पाण्यातला फॉस्फरस साडेतीन पटीच्या आसपास वाढला. तरीही तो अजून स्वच्छ तलावांत मोडतो. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी पूर्वी 20 मीटरपेक्षा जास्त खोल जाईपर्यंत वरून दिसत असे. पण इथे तो 70 वर्षांचा आकडा पुन्हा आठवावा लागतो. आज जे खत तलावात उतरलं ते पूर्णपणे धुऊन जायला दोन-तीन पिढ्या लागतात. आज बंदी घातली आणि उद्या पाणी निवळलं, असं इथे होणार नाही.

वाढती उष्णता यात भर घालते. ओहरिडचं पाणी वरपासून तळापर्यंत दरवर्षी ढवळलं जात नाही. कडक हिवाळा पडला, वरचं पाणी गार होऊन जड झालं आणि खाली बुडालं तरच पूर्ण ढवळणी होते, ती अनेक वर्षांतून एकदा. त्यावेळी तळाला प्राणवायू मिळतो. हिवाळे सौम्य झाले तर ही ढवळणी आणखी लांबेल, आणि खोल पाण्यातले जीव गुदमरतील. बेल्विका मासा आणि तळाजवळचे कितीतरी बारीक जीव या खोल, थंड, प्राणवायूवाल्या पाण्यावरच अवलंबून आहेत.

तीन देश, एक खोरं

ओहरिडला युनेस्कोने 1979 साली निसर्गासाठी जागतिक वारशाचा दर्जा दिला, 1980 साली त्यात सांस्कृतिक वारसा जोडला. अल्बानियाकडचा भाग मात्र 2019 सालीच यादीत आला. म्हणजे चाळीस वर्षं एकाच तलावाचं काही पाणी जागतिक वारसा होतं आणि काही नव्हतं. माशांना हे कुणी कळवलं नसावं.

प्रेस्पासाठी तिन्ही देशांच्या प्रमुखांनी 2000 साली एकत्र संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. पुढे 2010 साली रीतसर करारही झाला, पण तो सगळ्यांच्या मंजुरीने लागू व्हायला 2019 उजाडलं. कागद हलत असताना जमिनीवर काही कामं झाली. रेसेनच्या बागांत माती परीक्षण करून खताचा हिशेब बांधायला सुरुवात झाली, हवामान केंद्रांच्या अंदाजानुसार फवारणी करायची सवय लागली, ठिबक आलं. टाकाऊ सफरचंदांचं खत करायचे प्रयत्न झाले. ओहरिडच्या काठाने सांडपाण्याची वाहिनी 1980 च्या दशकातच सुरू झाली होती, ती अजून पूर्ण काठाला पोचलेली नाही.

भूजलाच्या कायद्यात सगळ्यात अवघड गोष्ट हीच असते की पाणी कुणाचं हे ठरवायला आधी ते कुठून कुठे जातं हे ठाऊक असावं लागतं. प्रेस्पा आणि ओहरिडच्या बाबतीत ते आता ठाऊक आहे. रेसेनचा शेतकरी झाडाच्या बुडाशी जे खत टाकतो त्याचा काही अंश डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यातल्या झऱ्याला लागतो, आणि त्या झऱ्याच्या तोंडाशी दगडाला चिकटलेली काही मिलिमीटरची गोगलगाय असते. संत नाउमच्या झऱ्यावर पाण्याचे नमुने घेण्याचं काम आजही चालू आहे. ओहरिड शहरात 1935 सालापासून जलजीव संशोधन संस्था आहे. तलावातल्या ट्राउटची अंडी उबवून पिल्लं पुन्हा पाण्यात सोडण्याचं काम तीच करते.